कानबाईंचा ॲम्प्लिफायर

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, क्ष-किरण विभाग ओलांडून पुढे गेलं की एक खोली लागायची. भिंतींना जाड गालिचा, छताला गालिचा, दार वीतभर जाड. आत एक खुर्ची, समोर काच आणि काचेपलीकडे कानबाई. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण गेली सत्तावीस वर्षं त्या लोकांचे कान तपासत होत्या, त्यामुळे ते नाव हजेरीपटावरच राहिलं.

काम म्हटलं तर सोपं. माणसाच्या कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक ‘पीं’ असा आवाज सोडायचा आणि सांगायचं, “ऐकू आलं की हात वर करा.” आवाज लहान लहान करत न्यायचा आणि हात कुठे थांबतो ते कागदावर मांडायचं. पण बाईंची एक खोडी होती. मध्येच त्या काहीच वाजवायच्या नाहीत. नुसत्या पुढे वाकायच्या आणि बटण दाबल्यासारखं करायच्या. दहातली तीन-चार माणसं तरीही हात वर करायची. बाई त्यांना खोटारडं म्हणत नसत. “त्याला वाटलं, आता वाजायला पाहिजे. म्हणून वाजलं,” एवढंच म्हणायच्या, आणि त्या माणसाला कधीही कळू द्यायच्या नाहीत.

एकदा एका बाईने नवऱ्याला धरून आणलं. म्हणाली, ह्यांना काही म्हणता काही ऐकू येत नाही, घसा बसला माझा. नवरा खुर्चीत बसला तो देवळातल्या खांबासारखा. कितीही मोठा आवाज सोडा, हात वर नाही. शेवटी कानबाईंनी हेडफोनमध्ये अगदी हळू आवाजात सांगितलं, “तुमच्या खिशातलं काहीतरी खाली पडलंय.” गृहस्थ लगेच खुर्चीखाली वाकले. बाईंनी अहवाल लिहिला : ‘दोन्ही कान ठणठणीत. बहिरेपणा घरगुती.’ मोठ्या डॉक्टरांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि शेवटचं वाक्य खोडायला लावलं.

तर दिवसभर असं ‘पीं पीं’ केल्यावर संध्याकाळी घरी येऊन तासभर चांगलं गाणं ऐकावं, एवढीच त्यांची हौस. ती फार जुनी होती. लहानपणी घरात पाच भावंडं आणि रेडिओ एक. तो दादाच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या ताब्यात. त्यावर त्याने कापड घातलेलं असे आणि नियम ठरलेला : हात लावायचा नाही, ऐकायचं असेल तर दारात उभं राहून ऐक. बाईंनी सगळं बालपण दारात उभं राहून ऐकलं. पुढे संसार, नोकरी, मुलीचं शिक्षण ह्यात गाणं तबकड्या वाजवणाऱ्या एका बारक्या खोक्यावर भागवलं गेलं.

मुलगी परगावी नोकरीला लागली त्या वर्षी कानाचे एक वयस्क सर्जन निवृत्त होऊन लहान घरात राहायला गेले. जाताना त्यांनी आपली स्पीकरची जोडी बाईंना देऊन टाकली. “ह्यांना कानाची कदर असलेल्या घरात पडू दे,” असं म्हणाले. खरं कारण असं की त्यांच्या बायकोने ते नव्या घरात आणू दिले नव्हते. पण स्पीकर नुसते असून काय उपयोग? त्यांच्यात जीव ओतायला ॲम्प्लिफायर लागतो. तीन महिने ते दोघे बैठकीच्या खोलीत पाहुण्यांसारखे गप्प उभे राहिले. एकावर पेपर साठायला लागले, तेव्हा बाईंनी ठरवलं की आता ॲम्प्लिफायर घ्यायचाच. परवडणारा, पण मन लावून ऐकावंसं वाटेल असा.

बाईंचे यजमान सरकारी वजनमापं खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतून तराजू तपासायचे, वजनांवर शिक्के मारायचे. गल्लीत त्यांना काटेसाहेब म्हणत. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, आणि ते तसं उघड सांगत. “गाणं चालू आहे की संपलं, एवढं मला कळतं,” म्हणायचे.

दादाला बातमी लागली आणि तो दुसऱ्याच दिवशी हजर झाला. दादाचं नळ आणि न्हाणीघरातल्या सामानाचं मोठं दुकान होतं आणि घरी सूटकेसएवढा ॲम्प्लिफायर. त्याची वायर अंगठ्याएवढी जाड. आल्या आल्या त्याने चहा बाजूला सारला.

“किती वॅटचा बघतेयस?”

“घरात बसून ऐकण्यापुरता.”

“इथेच सगळे फसतात. हे बघ, स्वस्तातला घेतलास तर आवाज येईल, पण संगीत येणार नाही.”

“मग संगीत वेगळं मागवावं लागतं का?” काटेसाहेबांनी विचारलं. त्यांना खरंच शंका होती.

दादाने त्यांच्या प्रश्नाकडे कानाडोळा केला. “आवाजाला अंग पाहिजे. खोली पाहिजे. गाणारी बाई डाव्या हाताला उभी आहे की उजव्या, हे डोळे मिटून कळलं पाहिजे. तुझं आयुष्य ‘पीं’ ऐकण्यात गेलं, तुला ह्यातलं काय सांगू?”

बाई नुसत्या हसल्या, आणि काटेसाहेबांनी ते हसू पाहिलं. ते हसू दिसलं की पुढच्या आठवड्यात कुणाची तरी फजिती होते, हा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव होता.

शनिवारी तिघं दुकानात गेली. बँकेच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, पायाखाली मऊ गालिचा. दुकानदार हळू आवाजात बोलणारा, गुळगुळीत माणूस. तो थेट काटेसाहेबांकडे वळला.

“साहेब, काय डोक्यात आहे?”

“यांना विचारा. मी उचलायला आलोय.”

मग दुकानदार बाईंकडे वळला आणि म्हणाला, “मॅडम, ह्याच्यात चंदेरी आणि काळा, दोन्ही रंग मिळतात.”

बाईंनी रंगाबद्दल आभार मानले आणि खुर्चीत बसल्या. दुकानदाराने आधी एक छोटा काळा ॲम्प्लिफायर लावला. शब्दकोशाएवढा, समोर दोन बटणं. एका गायिकेचा आवाज आणि मागे बासरी. छान वाजत होतं. मग त्याने तेच गाणं मोठ्या चंदेरी ॲम्प्लिफायरवर लावलं. तो उचलायला दोन माणसं लागली असती आणि घ्यायला आणखी दोघांचा पगार.

दादाने डोळे मिटले. “बघ. पडदा बाजूला झाला.”

“जाणवलं ना?” दुकानदार हळूच म्हणाला.

“जाणवलं,” बाई म्हणाल्या आणि पर्स उघडली. चष्म्याची डबी, किल्ल्या, रुमाल बाजूला करत त्यांनी एक लांबट यंत्र बाहेर काढलं. आवाज किती मोठा आहे ते आकड्यात दाखवणारं. कानाच्या खोलीत त्या रोज ते वापरत. “परत लावता का दोन्ही? बटणांना हात न लावता.”

दुकानदाराने लावले. बाईंनी आकडे वाचले. मोठा ॲम्प्लिफायर दोन डेसिबलने जास्त वाजत होता.

“मोठ्यावर तुमचं बटण जरा जास्त फिरलंय,” त्या म्हणाल्या.

“अहो, चुकून झालं असेल.”

“होतं. चुकून कधी छोट्यावर नाही का फिरत?” बाईंनी अगदी आपुलकीने विचारलं. मग दादाला समजावलं, “एवढासा फरक असला ना, तर माणूस ‘मोठा आहे’ असं म्हणत नाही. ‘चांगला आहे’ असं म्हणतो. मी रोज बघते.”

दुकानदाराचा चेहरा उतरला. काटेसाहेबांनी सवयीने खिशावर हात नेला. खोटं वजन सापडलं की पावतीपुस्तक काढायचं, हे हातात भिनलेलं. पण आवाजावर मारायचा शिक्का त्यांच्याकडे नव्हता. दुकानदार सावरला आणि म्हणाला, “मॅडम, असं करा, दोन्ही घरी घेऊन जा. निवांत ऐका. सोमवारी एक परत आणा.” परत येणार तो छोटाच, ह्याची त्याला खात्री होती.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बैठकीच्या खोलीत परीक्षा मांडली गेली. टेबलावर दोन्ही ॲम्प्लिफायर, त्यांच्यावर चादर. रुग्णालयातल्या वायरमनने बाईंना एक लाकडी डबी करून दिली होती. तिची खुंटी एकीकडे फिरवली की एक वाजायचा, दुसरीकडे फिरवली की दुसरा. फिरवताना खटका व्हायचा. काटेसाहेबांनी रकाने आखलेला कागद घेतला. दादा सोफ्याच्या मधोमध, पाठीला उशी घेऊन बसला.

“दहा वेळा बदलेन,” बाई म्हणाल्या. “मोठा की छोटा, तेवढं सांग.”

“ह्यात सांगण्यासारखं काय आहे? लहान पोरही सांगेल.”

गाणं सुरू झालं. खटका. “हा मोठा,” दादा म्हणाला. खटका. “हा छोटा. ऐकलंस? बासरीचा जीव गेला.” खटका. “आला, परत आला. आता बघ, खोली दिसायला लागली.” सहाव्या वेळी तो हात हवेत फिरवून गायिका कुठे उभी आहे ते दाखवू लागला. सातव्या वेळी छोट्याची त्याला कीव आली. “बिचारा प्रयत्न करतोय. पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?” आठव्या, नवव्या, दहाव्या वेळी त्याने क्षणाचाही विचार केला नाही.

काटेसाहेबांनी कागद पुढे केला. “दहापैकी सहा वेळा मोठा, चार वेळा छोटा. आता खरं काय होतं ते सांग, म्हणजे ताळा करतो.”

बाईंनी चादर उचलली. मोठ्या ॲम्प्लिफायरचा प्लग भिंतीत नव्हताच. टेबलाखाली जमिनीवर पडला होता. दहाच्या दहा वेळा छोटाच वाजत होता.

बाई हसायला लागल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मग त्यांचं लक्ष दादाकडे गेलं. दादा प्लगकडे बघत होता. त्याचा हात अजून अर्धवट वर होता, गायिका उभी होती त्या जागी. हा चेहरा बाईंनी पाहिला नव्हता. रुग्णालयात नुसत्या शांततेवर हात वर करणाऱ्या कुणालाही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा सांगितलं ते सख्ख्या भावाला, आणि वर हसल्या. त्यांनी हसू आवरलं आणि चादर परत घातली.

“लहानपणापासून तू अशीच,” दादा म्हणाला आणि पाणी प्यायला उठला.

पण खरे चिडले ते काटेसाहेब. त्यांनी पेन कागदावर आडवं ठेवलं.

“ही काय परीक्षा झाली? एका पारड्यात काही ठेवलंच नाहीस आणि काट्याला नावं ठेवतेस. अशा दुकानाला मी टाळं लावतो.”

“अहो, गंमत केली.”

“गंमत झाली. आता नीट करायची. बदलणार मी. आणि दादांबरोबर तूही बसायचं सोफ्यावर.”

“मी कशाला? माझे कान—”

“तपासलेले नाहीत अजून,” काटेसाहेब म्हणाले.

दादा स्वयंपाकघराच्या दारातून पाण्याचा पेला हातात घेऊन परत आला आणि बाईंसाठी सरकून जागा केली. दुपारपासून पहिल्यांदा त्याला बरं वाटत होतं.

काटेसाहेबांनी सगळं सरकारी पद्धतीने केलं. दोन्ही प्लग भिंतीत घालून दाखवले. आवाज सारखा आहे ना, ते बाईंच्याच यंत्रावर बघून घेतलं. सोळा चिठ्ठ्या केल्या, वाटीत टाकल्या आणि चिठ्ठीत येईल तसं बदलत गेले. दोघांनी बोलायचं नाही, ज्याने त्याने आपल्या कागदावर लिहायचं. एकमेकांच्या कागदात बघायचं नाही, हेही त्यांनी दोनदा बजावलं, आणि दुसऱ्यांदा बजावताना बायकोकडे पाहिलं.

बाईंना खात्री होती. छोटा वरच्या सुरांत किंचित कोरडा होतो, हे त्यांनी सकाळीच हेरलं होतं. त्या भराभर लिहीत गेल्या. ‘छोटा, कोरडा.’ ‘मोठा, भरलेला.’ एका ठिकाणी तर त्यांनी दोनदा रेघ ओढली.

निकाल लागला. दादा सोळापैकी आठ. बाई सोळापैकी सात. दोनदा रेघ ओढलेलं उत्तर चूक होतं.

“नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं,” काटेसाहेबांनी शेरा मारला.

“एकाने मी पुढे आहे,” दादा म्हणाला आणि तो कागद घडी करून खिशात घातला. बाई आधी ओशाळल्या आणि मग इतक्या मोकळेपणाने हसल्या की दादालाही हसू आलं. मघाचा सल तिथेच निम्मा उतरला.

“मग घ्यायचा कुठला?” काटेसाहेबांनी विचारलं.

बाई उत्तर देणार तोच थांबल्या. गाणं संपलं होतं, तिघंही गप्प होते, आणि त्यांना काहीतरी ऐकू येत होतं. त्यांनी उठून पंखा बंद केला. मग स्वयंपाकघरात जाऊन फ्रीज बंद केला. परत येऊन चादरीजवळ कान नेला.

“हा घोरतोय,” त्या म्हणाल्या.

मोठ्या ॲम्प्लिफायरच्या पोटातून बारीक, एकसुरी घुंऽऽ येत होतं. स्पीकरमधून नव्हे, खुद्द डब्यातून. आत लोखंडाचा मोठा गोळा असतो, वीज वाहते तेव्हा तो थरथरतो. हात ठेवला की तळव्याला कळायचं. छोटा मात्र झोपलेल्या मांजरासारखा मुका. गाणं चालू असताना फरक कुणालाच सांगता आला नव्हता. पण गाणं थांबलं, गायिकेने श्वास घेतला, बासरीवाल्याने ओठ बाजूला केले, की मोठा मध्येच बोलायचा. बाई दादाला घेऊन पुन्हा सोफ्यावर बसल्या, आणि ह्या वेळी काटेसाहेब चादरीआड कुठला चालू ठेवतात ते बाईंनी आठपैकी आठ वेळा सांगितलं. गाणं न लावता.

दादा गुडघ्यांवर बसून मोठ्याला कान लावत म्हणाला, “असतं एवढं. सगळ्यांचंच असतं.”

“तुझ्या घरचा करतो असा आवाज?”

“छे. माझा कसला करतोय?” पण हे तो सावकाश बोलला.

जाता जाता दादा दाराशी थांबला आणि स्पीकरकडे बोट दाखवून म्हणाला, “ॲम्प्लिफायर कुठलाही घे. पण हे भिंतीला का चिकटवलेत? हातभर पुढे ओढ, आणि थोडे आतल्या बाजूला वळव. जाड सूर ढोलासारखे सगळ्या गाण्यावर बसतायत.” बाईंनी ते ओढले. फरक असा पडला की काटेसाहेबसुद्धा पेपरमधून वर बघून म्हणाले, “हे काय केलंत? शब्द कळायला लागले.” बाईंनी यंत्र लावून पाहिलं, तर जाड सुरांचा फुगवटा खरोखरच खाली आला होता. दादाचा सल्ला फुकटातला होता आणि सोन्यासारखा होता. बाईंनी तसं त्याला तोंडावर सांगितलं. दादा जिना उतरला तो जरा ताठ मानेने.

सोमवारी चंदेरी ॲम्प्लिफायर परत गेला. काटेसाहेबांनी आणि दुकानाच्या हमालाने तो जिन्यावरून वर चढवला. दुकानदाराने कारण विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, “घोरतो. घरात एक माणूस घोरणारा आहे, पुरे.” काटेसाहेबांनी शांतपणे छताकडे पाहिलं.

गुरुवारी दुपारी वहिनीचा, दादाच्या बायकोचा फोन आला.

“अहो वन्सं, तुम्ही ह्यांच्या कानात काय घातलंत?”

“का हो?”

“आल्यापासून घरातले पंखे बंद. फ्रीज बंद, माझं दूध नासलं. भिंतीवरच्या घड्याळातली बॅटरी काढून ठेवलीय. गाणं लावतच नाहीत. त्या डब्याला कान लावून बसतात आणि मला विचारतात, तुला येतंय का ऐकू? मी म्हटलं, गेली सहा वर्षं येतंय. मला वाटलं तो असाच असतो.”

बाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण फोनवर श्वास कळतो.

“हसा,” वहिनी म्हणाल्या. “पण ह्यांना सांगू नका, मी सांगितलं म्हणून.”

पंधरा दिवसांनी दादाने तसलाच छोटा ॲम्प्लिफायर घेतला. दुकानात ठेवायला, असं त्याने सांगितलं. वहिनींनी सांगितलं की बैठकीच्या खोलीत ठेवलाय, आणि घरात आता गाणं वाजतं. मोठा अंगठ्याएवढ्या वायरीसकट कपाटावर चढलाय.

बाईंचा आता रोजचा क्रम ठरला. साडेसहाला घरी यायचं, पाय धुवायचे, चहा घेऊन सोफ्याच्या मधोमध बसायचं आणि छोट्या डब्याचं बटण दाबायचं. तासभर कुणी काही विचारायचं नाही. काटेसाहेब बाजूच्या खुर्चीत पेपर वाचत. त्या वर्षी त्यांना पहिल्यांदाच गाणी थोडीफार ओळखू यायला लागली.

एका संध्याकाळी त्यांनी पेपर खाली ठेवला आणि मान वाकडी करून बराच वेळ ऐकलं.

“ही कालचीच बाई गातेय ना?”

“हो.”

“आज जरा बरी गातेय.”

तबकडी कालचीच होती, गाणं कालचं, आवाजही कालच्याच आकड्यावर. बाईंनी तोंड उघडलं. मग मिटलं आणि चहाचा घोट घेतला.

“हो,” त्या म्हणाल्या, “मलाही तसंच वाटलं.”